अन्सेल्मच्या वाटेने: आओस्ता, बेक, कँटरबरी

बीएला तत्त्वज्ञान घेतलेल्या प्रत्येकाला अन्सेल्म हे नाव माहीत असतं, आणि बहुतेकांना तेवढंच माहीत असतं. ज्याच्याहून मोठ्या कशाची कल्पनाच करता येत नाही तो देव, आणि असा देव नुसता मनात असून भागणार नाही, तो खरोखर असलाच पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद, त्यावर कांटचा आक्षेप, परीक्षेत एक टीप, झालं. मलाही तेवढाच माहीत होता. पुढे शाळेत शिकवायला लागले आणि बऱ्याच वर्षांनी ईडमर नावाच्या त्याच्या शिष्याने लिहिलेलं त्याचं चरित्र हाती आलं, तेव्हा कळलं की हा माणूस आधी शिक्षक होता, मग मठाधिपती, आणि मग त्याच्या मनाविरुद्ध त्याला इंग्लंडचा सगळ्यात मोठा धर्मगुरू केलं गेलं. जन्म १०३३, मृत्यू ११०९. तेव्हापासून त्याची ती तीन ठिकाणं बघायची मनात होती, इटलीतलं जन्मगाव आओस्ता, फ्रान्समधला बेकचा मठ आणि शेवट इंग्लंडमधलं कँटरबरी. ताई जिनिव्हाला असते, ती म्हणाली उन्हाळ्याच्या सुट्टीत ये, मीपण येते तुझ्याबरोबर, मग शेंगेन आणि यूके असे दोन्ही व्हिसा काढले आणि निघाले.

शुक्रवार, जिनिव्हा ते आओस्ता

माँ ब्लाँच्या बोगद्यातून गेलं तर आओस्ता फार लांब नाही, पण भाऊजी म्हणाले जून संपत आलाय, ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड उघडलीय, बोगदे काय कुठेही असतात, वरून जाऊया. बरं झालं ऐकलं त्यांचं. मार्टिनीपासून रस्ता चढत जातो तो थेट २४६९ मीटरवर, आणि वर पोचलो तर जूनमध्येसुद्धा तळ्याच्या कडेला बर्फाचे ढीग, वारा असा की गाडीचं दार उघडवेना. इथे जो हॉस्पिस आहे, वाटसरूंना आसरा देणारी धर्मशाळाच म्हणा, तो अकराव्या शतकाच्या मध्याला आओस्ताच्या बर्नार्ड नावाच्या आर्चडीकनने, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याने, सुरू केला, ते मोठे सेंट बर्नार्ड कुत्रे याच जागेच्या नावाचे. म्हणजे खाली गावात अन्सेल्म पोरसवदा असताना वर हे काम चालू झालेलं असणार. त्या काळी आल्प्स ओलांडणं म्हणजे जिवावरचं काम होतं, हे त्या वाऱ्यात उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

पलीकडे उतरलो की इटली, पण दुकानांच्या पाट्या इटालियन आणि फ्रेंच दोन्हींत. संध्याकाळी ऑगस्टसच्या कमानीपाशी गाडी लावली. ही कमान इ.स.पू. २५ ची, रोमन लोकांनी गाव वसवलं तेव्हाची, त्यामुळे अन्सेल्मने ती नक्की पाहिलेली, आणि माझ्यासाठी ट्रिपमधली ही पहिलीच वस्तू जिच्याबद्दल असं खात्रीने म्हणता येतं.

शनिवार, आओस्ता

कमानीपासून जुन्या रोमन वेशीकडे जो रस्ता जातो त्याचंच नाव सेंट अन्सेल्म रस्ता. कॅफे, चीजची दुकानं, लाकडी कोरीवकाम विकणारे, आणि मध्येच एका घरावर पाटी की अन्सेल्मचा जन्म इथला. घर अर्थात आता तेव्हाचं नाही. वडील गुंडुल्फ, लोम्बार्ड, हात सैल आणि तापट, आई एर्मेनबेर्गा, घरंदाज आणि संसार नीट सांभाळणारी. ईडमर सांगतो की आईच्या गोष्टी ऐकून पोराला वाटायचं स्वर्ग डोंगरांच्या माथ्यावर टेकलेला आहे, वर चढलं की पोचलोच. गावाच्या डोक्यावर बेक्का दी नोना उभा आहे, ३१४२ मीटरचा, आणि रस्त्यात कुठेही मान वर केली की कुठला ना कुठला डोंगर दिसतोच, त्यामुळे लहान मुलाला असं वाटलं यात काही नवल नाही.

एका रात्री त्याला स्वप्न पडलं की तो डोंगर चढून देवाच्या दरबारात चाललाय. वाटेत शेतं, त्यात राजाच्या दासी कापणी करतायत पण अगदी आळसाने, आणि याने ठरवलं की राजाकडे यांची तक्रार करायची. वर गेला तर दरबारात राजा आणि एक कारभारी, बाकी सगळे सुगीला गेलेले. राजाने प्रेमाने जवळ बोलावलं, कुठला कोण विचारलं, आणि कारभाऱ्याने त्याला अगदी पांढरीशुभ्र पाव आणून दिली, ती त्याने राजासमोर बसून खाल्ली. सकाळी उठून पोरगा सगळ्यांना सांगत सुटला की मी स्वर्गात जाऊन देवाच्या हातची पाव खाल्ली. तक्रारीचं काय झालं ते मात्र स्वप्नात येत नाही!

ही पांढरी पाव एवढी का महत्त्वाची ते मला इथे आल्यावर कळलं. आओस्ताच्या खोऱ्यात पूर्वापार राय नावाच्या धान्याची काळी पाव खातात, जुन्या दिवसांत गावच्या सामाईक भट्टीत ती वर्षातून एकदोनदाच भाजायचे आणि मग ती फळ्यांवर महिनोन्महिने वाळत ठेवायचे, एवढी टणक की कापायला लाकडी फळीवर बिजागरीने बसवलेला खास सुरा लागतो. दुकानात आम्हाला बाईंनी तो चालवून दाखवला, दोन्ही हातांनी जोर लावून, कडाक् आवाज आला आणि तुकडा उडाला. ते तुकडे सूपमध्ये फोंटिना चीजबरोबर घालतात, छान लागतं, पण रोज हेच खाणाऱ्या मुलाच्या स्वर्गात पांढरी मऊ पाव असणारच ना.

आणि ही पाव पुन्हा येते. आई गेली, वडील काही केल्या याचं तोंड बघेनात, हा जितका नमतं घेई तितके ते चिडत, शेवटी विशीतल्या अन्सेल्मने घर सोडलं आणि एका नोकराला घेऊन माँ सेनीच्या खिंडीतून आल्प्स ओलांडायला निघाला. चालून चालून जीव जायची वेळ आली, खायला काही नाही म्हणून बर्फ चघळायला लागला, नोकराने गाढवावरच्या पिशवीत काही सापडतं का म्हणून हात घातला तर आत पांढरी पाव. ईडमर याला चमत्कार म्हणत नाही, नुसतं सांगून पुढे जातो, आणि मला त्याची ही सवय फार आवडते.

दुपारी सांत ओर्सोच्या मठात गेलो. इथल्या ओवऱ्यांच्या खांबांवर बाराव्या शतकातली शिल्पं आहेत, म्हणजे अन्सेल्मच्या नंतरची, पण बघाच, एकेका खांबाच्या माथ्यावर एकेक गोष्ट, बरीचशी बायबलमधली, आणि सगळं आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. ताई एका खांबापाशीच एवढी रमली की भाऊजी दोनदा येऊन बघून गेले.

रविवार, प्रवासाचा दिवस

रात्रीच जिनिव्हाला परत आलो होतो. सकाळी भाऊजींचा निरोप घेऊन ताई आणि मी टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान ट्रेनने, पॅरिस, तिथे स्टेशन बदलून रुआँ. अन्सेल्मला हे अंतर तोडायला तीनेक वर्षं लागली, बर्गंडी, फ्रान्स असा फिरत फिरत १०५९ च्या सुमारास तो नॉर्मंडीत पोचला, कारण बेकच्या मठात लानफ्रांक नावाचा इटालियन शिक्षक आहे अशी कीर्ती त्याने ऐकली होती.

रुआँमध्ये संध्याकाळी कॅथीड्रलबाहेर बसून मी ताईला पुढची गोष्ट सांगितली. साधू व्हायचं हे त्याचं ठरलं, पण कुठे? क्लुनीच्या मोठ्या मठात जावं तर तिथली शिस्त एवढी कडक की शिकलेलं सगळं वाया जाणार, बेकला राहावं तर लानफ्रांकसमोर आपल्याला कोण विचारणार. नंतर त्याने स्वतःच शिष्यांना हे सांगितलं की मी अजून माणसाळलो नव्हतो, मनात मोठेपणाची हाव होती. मोठ्या संतांच्या चरित्रांत असं स्पष्ट फार क्वचित सापडतं. शेवटी दोघं रुआँच्या आर्चबिशपकडे, मॉरिलियसकडे, सल्ला विचारायला निघाले, आणि वाटेतल्या रानातून जाताना अन्सेल्मला वाटत होतं की लानफ्रांक जर म्हणाला इथेच या जंगलात राहा आणि जन्मभर बाहेर पडू नकोस, तर मी राहीन. एवढा विश्वास त्या शिक्षकावर. आर्चबिशप म्हणाला साधू हो, आणि १०६० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो बेकचा साधू झाला.

सोमवार, ल बेक-एल्लुआँ

ट्रिपचा मुख्य दिवस हा. रुआँहून भाड्याची गाडी घेतली, ताईने चालवली, तासाभराच्या आत पोचलो. हिरव्यागार दरीत छोटंसं गाव, लाकडी पट्ट्यांची नॉर्मन घरं, खिडक्यांत जिरेनियम, आणि मधोमध मठाचा पांढरा बुरूज. हा सेंट निकोलसचा बुरूज पंधराव्या शतकातला. अन्सेल्मच्या वेळचं जमिनीच्या वर खरं तर काहीच उरलेलं नाही, मोठं चर्च फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पाडून त्याचे दगड विकले, इमारतींत सैन्याचे घोडे ठेवले, मग १९४८ साली बेनेडिक्टाइन साधू परत आले आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आता जिथे प्रार्थना होते ती जागा म्हणजे जुनं भोजनगृह, लांबच लांब, उंच कमानीचं छत. मुख्य वेदीसमोर दगडी पेटी आहे, मठ स्थापन करणाऱ्या हेर्लुइनची.

हेर्लुइन हा मूळचा सरदार. लढाया सोडून १०३४ मध्ये त्याने मठ काढला तेव्हा त्याला वाचताही येत नव्हतं, चाळिशीच्या आसपास तो अक्षरं शिकला. अशा माणसाच्या मठात १०४२ च्या सुमाराला लानफ्रांक आला, शाळा निघाली आणि युरोपभरची पोरं यायला लागली. लानफ्रांक १०६३ मध्ये काँला नवीन मठाचा प्रमुख म्हणून गेला आणि प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा, म्हणून जागा मिळाली जेमतेम तीन वर्षं झालेल्या अन्सेल्मला. साहजिकच जुन्यांना ते झोंबलं.

त्यात ऑस्बर्न नावाचा एक मुलगा होता, हुशार, हाताला कसब, पण अन्सेल्मचा मनापासून द्वेष करणारा. अन्सेल्मने काय केलं, तर त्याला रागावला नाही. त्याच्या पोरखेळांना चालेल म्हणाला, लहानसहान सवलती दिल्या, त्याच्यात जे चांगलं होतं त्याचं कौतुक करत राहिला. पोरगा हळूहळू वळला, जीव लावायला लागला, आणि मग अन्सेल्मने एकेक सवलत काढून घेतली, पुढे तर त्याला चांगलं कडक वागवलं, आणि पोराने ते सगळं सोसलं. मग ऑस्बर्न आजारी पडला. अन्सेल्म रात्रंदिवस त्याच्या उशाशी, स्वतःच्या हाताने भरवणं, पाणी पाजणं. तो गेल्यावर वर्षभर रोज एक मिस्सा, म्हणजे चर्चमधला पूजाविधी, त्याच्या नावाने केली, आणि स्वतःला जमलं नाही त्या दिवशी दुसऱ्याला करायला लावून त्याच्या बदल्यात त्याची करून दिली. वर्गात एखादं असं मूल ज्याला मिळालंय त्याला हे वाचताना काय होतं ते मी सांगत नाही, पण मी त्या भोजनगृहातल्या बाकावर बराच वेळ बसून होते.

मी वाढले त्या घरात छडीशिवाय विद्या येत नाही हे सगळ्यांना मान्य होतं, माझ्या शाळेतही. म्हणून अन्सेल्मची मला सगळ्यात जवळची गोष्ट ही. एकदा एक दुसरा मठाधिपती त्याच्याकडे तक्रार करत आला की मठातली पोरं सुधारतच नाहीत, आम्ही रात्रंदिवस मारतो तरी बिघडतच चाललीयत. अन्सेल्म म्हणाला, मारता? आणि मोठी झाल्यावर कशी होतात? तो म्हणाला, मंद आणि जनावरासारखी. तेव्हा अन्सेल्मने विचारलं, बागेत रोप लावून त्याला चारी बाजूंनी असं कोंडलं की एक फांदी पसरायला जागा नाही, आणि वर्षांनी मोकळं केलं तर कसलं झाड निघेल? वाकडंतिकडं, निरुपयोगी. मग दोष कोणाचा? आणि सोनार सोन्याच्या पत्र्यावर मूर्ती उठवतो ती नुसती ठोकून उठवतो का, हळुवार दाबून, उचलून, आकार देऊनच ना? तो मठाधिपती पाया पडला म्हणे. अकराव्या शतकात हे बोलणारा माणूस होता, आणि आपल्याला बालमानसशास्त्र कालपरवाचं वाटतं.

तो युक्तिवादही इथलाच, १०७७-७८ चा. एकाच सूत्रात सगळं सिद्ध होईल असं काही सापडतं का या विचाराने त्याची झोप, जेवण सगळं गेलं, प्रार्थनेत लक्ष लागेना, त्याला वाटलं सैतानच छळतोय, विचार झटकायला गेला तर तो आणखी मागे लागला. आणि एका रात्री, रात्रीची प्रार्थना चालू असताना, एकदम लख्ख दिसलं. त्याने ते मेणाच्या पाट्यांवर लिहून एका साधूकडे सांभाळायला दिलं. काही दिवसांनी मागितलं तर पाट्या गायब, कोणी नेल्या पत्ता नाही. पुन्हा लिहिलं, त्याच साधूला जास्त जपून ठेवायला दिलं, त्याने पलंगाच्या कोपऱ्यात लपवून ठेवलं, सकाळी बघतो तर पाट्या जमिनीवर फुटून पडलेल्या आणि मेणाचे तुकडे इकडेतिकडे. ते तुकडे गोळा करून अन्सेल्मने कसाबसा मजकूर जुळवला आणि मग सरळ चर्मपत्रावर उतरवून घ्यायला लावलं. तेच त्याचं पुस्तक, प्रोस्लोगिऑन. दुकानात पोस्टकार्डं बघताना मी ताईला हे सांगत होते तर ती म्हणाली, म्हणजे तुझी ती पाच मार्कांची टीप थोडक्यात वाचली!

आणि याच्या पुढचंही सांगायला हवं कारण वर्गात ते अर्धवटच सांगतात. मार्मुतिएच्या मठातल्या गौनिलो नावाच्या साधूने उत्तर लिहिलं की असं असेल तर मी म्हणतो समुद्रात एक हरवलेलं बेट आहे, सगळ्या बेटांत सर्वोत्तम, म्हणजे ते असलंच पाहिजे, हो ना? टीका कडक होती. अन्सेल्मने त्याला उत्तर दिलं, आभार मानले, आणि सांगून ठेवलं की यापुढे माझं पुस्तक नकलताना गौनिलोची टीका आणि माझं उत्तर दोन्ही त्याला जोडूनच नकला. युक्तिवाद मला पूर्ण पटतो असं नाही, गौनिलोत दम आहे असं मला अजून वाटतं, पण आपल्यावरची टीका स्वतःच्या पुस्तकात बांधून पाठवणारा लेखक मला दुसरा माहीत नाही.

१०७८ मध्ये हेर्लुइन वारला आणि सगळ्यांनी अन्सेल्मला मठाधिपती निवडलं. तो जमिनीवर पालथा पडून नको नको म्हणाला, तर बाकीचे साधूही त्याच्यासमोर पालथे पडले. शेवटी घ्यावंच लागलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबलो. पांढऱ्या झग्यातले साधू दोन ओळींत, एका बाजूने एक ओळ, दुसऱ्या बाजूने पुढची. समोरची वेदी आओस्ताच्या संगमरवराची, त्याच्या गावाने १९५९ मध्ये भेट दिलेली. परवा ज्या डोंगरांखाली होतो त्यांचा दगड इथे बघून ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मंगळवार, बेक ते विसाँ

निघायच्या आधी पुन्हा बुरुजापाशी गेलो. त्यावर एक पाटी आहे, या मठातून इंग्लंडला गेलेल्या माणसांची. लानफ्रांक, अन्सेल्म, थिओबाल्ड हे तिघे कँटरबरीचे आर्चबिशप, गुंडुल्फ (अन्सेल्मचे वडील नव्हेत, दुसरा) रोचेस्टरचा बिशप, गिल्बर्ट क्रिस्पिन वेस्टमिन्स्टरचा मठाधिपती, अशी नावंच नावं. १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याचा हा दुसरा भाग, आधी तलवारी आणि मागोमाग शिकलेले साधू. एवढ्याशा दरीतून!

दुपारभर गाडीत. संध्याकाळी विसाँला पोचलो, कॅलेच्या अलीकडे, दोन भूशिरांच्या मधली मोठी पुळण. हवा स्वच्छ असेल तर समोर इंग्लंडचे पांढरे कडे दिसतात, आम्हाला दिसले. हे ठिकाण मुद्दाम घेतलं कारण १०९७ मध्ये अन्सेल्म हद्दपारीला निघाला तेव्हा डोव्हरहून येऊन इथे उतरला होता, चौसष्ट वर्षांचा.

त्याच्या आधीचं सांगते. लानफ्रांक १०८९ मध्ये गेला, आणि राजा विल्यम रूफसने कँटरबरीची गादी रिकामीच ठेवली कारण रिकाम्या गादीचं उत्पन्न राजाच्या खिशात जायचं. चार वर्षं हे चाललं. मार्च १०९३ मध्ये राजा ग्लॉस्टरला मरणाच्या दारात होता, पापाची भीती वाटली, योगायोगाने अन्सेल्म मठाच्या कामासाठी इंग्लंडमध्येच होता, राजाने बोट दाखवलं, हा आर्चबिशप. अन्सेल्म नाही म्हणाला. त्याला ओढत पलंगापाशी नेलं, बिशपचा दंड हातात द्यायला गेले तर त्याने मूठ आवळली. बिशप लोकांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला, तो दुखून ओरडला, शेवटी बंद मुठीवरच दंड दाबून धरला आणि जयजयकार करत त्याला उचलून चर्चमध्ये नेलं, आणि हा ओरडतोय की तुम्ही करताय ते काहीच नाही, याला काही अर्थ नाही. नंतर म्हणाला, इंग्लंडच्या नांगराला राजा आणि आर्चबिशप हे दोन बैल, तुम्ही एका मस्तवाल बैलाबरोबर म्हातारी मेंढी जुंपताय. झालंही तसंच. राजा बरा झाला, पैसे मागायला लागला, पोपला भेटायला जायची परवानगी देईना, आणि चार वर्षांनी अन्सेल्म निघालाच तर डोव्हरच्या किनाऱ्यावर राजाच्या माणसाने सगळ्या लोकांसमोर त्याच्या पिशव्या उघडून उपसल्या, पैसे नेतोय का म्हणून. काही निघालं नाही.

बुधवार, कॅले, डोव्हर, कँटरबरी

कॅलेला गाडी परत केली, पासपोर्टवर शिक्के झाले, बोटीत बसलो. दीडेक तासात डोव्हर. डेकवर ताईला मी हद्दपारीतला सगळ्यात सुखाचा काळ सांगितला. इटलीत कापुआजवळ डोंगरातल्या लिबेरी गावी बेकचाच एक जुना विद्यार्थी आता मठाधिपती होता, त्याने १०९८ च्या उन्हाळ्यात याला तिथे ठेवून घेतलं. थंड हवा, शांतता, अन्सेल्म म्हणाला माझा विसावा हाच, पुन्हा साध्या साधूसारखं राहायला लागला, आणि देव माणूस का झाला या प्रश्नावरचं त्याचं मोठं पुस्तक, कुर देउस होमो, तिथे पूर्ण केलं. पोपला विनवलं की हे पद काढून घ्या, पोपने ऐकलं नाही. त्याच वेळी कापुआला वेढा पडला होता, सिसिलीच्या काउंट रॉजरच्या फौजेत मुस्लिम सैनिक बरेच, त्यांच्यातले कित्येक अन्सेल्मच्या तंबूत येत, जेवत आणि जाताना हात उंचावून दुवा देत. पोपकडे जायची छाती नसलेले गरीब लोक याच्याकडे येत असंही ईडमर म्हणतो.

डोव्हरहून ट्रेन, संध्याकाळी कँटरबरी. पाऊस. सामान टाकलं आणि फिश अँड चिप्स खाऊन झोपलो.

गुरुवार, कँटरबरी

सकाळी कॅथीड्रल उघडल्या उघडल्या आत. बहुतेक गर्दी थॉमस बेकेट या नंतरच्या आर्चबिशपसाठी असते, ११७० मध्ये त्याला जिथे मारलं तिथे, आणि ते ठीकच आहे, पण आम्ही आधी क्रिप्टमध्ये, म्हणजे चर्चखालच्या तळघरात, उतरलो. अन्सेल्मच्या काळात, १०९६ नंतर, कॅथीड्रलचा पूर्वेकडचा भाग मोठा वाढवला गेला. वरचं बरंचसं ११७४ च्या आगीत गेलं, तळघर राहिलं. बेकला जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं, त्याच्या वेळचे दगड! खांबांच्या माथ्यांवर विचित्र प्राणी कोरलेत, एक जनावर वाद्य वाजवतंय, दुसरं दुसऱ्यावर बसलंय. बाहेर राजा छळतोय, आर्चबिशप परदेशात, आणि इथे कोणीतरी पाथरवट निवांत बसून बकऱ्याला बासरी देतोय.

वर दक्षिणेच्या बाजूला अन्सेल्मचं चॅपल. इथे बाराव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे, माल्टा बेटावर संत पौलाच्या हाताला साप डसतो आणि तो आगीत झटकतो ते, आणि ते एवढं ताजं राहिलंय कारण आधारासाठी बांधलेल्या भिंतीमागे ते शतकानुशतकं झाकलं गेलं होतं. निळा रंग अजून निळा. आणि चॅपलची वेदी, २००६ मध्ये बसवलेली, पुन्हा आओस्ताच्याच संगमरवराची. ताईने हात लावून बघितला, गार होता.

मुख्य वेदीजवळ कँटरबरीचा जुना इंग्रज आर्चबिशप संत अल्फेज याची जागा दाखवतात. डेन लोकांनी त्याला पकडलं होतं, माझ्या गरीब लोकांकडून खंडणी वसूल करून मला सोडवू नका असं तो म्हणाला आणि १०१२ मध्ये त्यांनी त्याला बैलांच्या हाडांनी मारलं. लानफ्रांक आर्चबिशप असताना त्याला शंका, हा हुतात्मा कसा, हा काही धर्मासाठी मेला नाही, पैशासाठी मेला. तेव्हा भेटीला आलेला अन्सेल्म म्हणाला, जो एवढ्याशा अन्यायासाठीसुद्धा मरण पत्करतो तो मोठ्या गोष्टीसाठी पत्करणारच, आणि न्यायासाठी मरणं म्हणजे ख्रिस्तासाठीच मरणं. लानफ्रांकने ऐकलं. जिंकलेल्या इंग्रजांचा संत दोन परक्या इटालियनांच्या बोलण्यात वाचला.

रूफस ११०० मध्ये शिकारीत बाण लागून मेला, नवा राजा हेन्री पहिला याने अन्सेल्मला परत बोलावलं, आणि लगेच बिशपना अंगठी आणि दंड कोणी द्यायचा, राजाने की चर्चने, यावर जुंपली. पुन्हा हद्दपारी, ११०३ पासून. शेवटी ११०७ ला तोडगा, अंगठी-दंड राजा देणार नाही, पण जमिनीसाठी बिशपने राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. मधल्या ११०२ च्या वेस्टमिन्स्टरच्या सभेत त्याने ठराव करून घेतला की इंग्लंडमध्ये माणसं जनावरांसारखी विकतात तो धंदा यापुढे कोणी करू नये. हे फार मोठं. त्याच सभेत लग्न झालेल्या पाद्र्यांनी बायका सोडाव्यात हेही ठरलं, आणि त्या बायकांचं काय झालं असेल याचा विचार केला की मला त्याचा राग येतो. मुलांशी एवढा मऊ वागणारा माणूस तिथे का कठोर झाला हे मला समजत नाही, त्याचं हे पटणारही नाही.

ईडमर त्याच्याबरोबर सगळीकडे होता, हद्दपारीतही, आणि गुपचूप लिहीत होता. एकदा अन्सेल्मने विचारलं काय लिहितोस, दाखव. आधी काही दुरुस्त्या सुचवल्या, आणि थोड्या दिवसांनी बोलावून सांगितलं, सगळं नष्ट कर, माझी एवढी योग्यता नाही. ईडमरने त्या वह्या नष्ट केल्या, पण आधी सगळा मजकूर दुसऱ्या वह्यांत उतरवून घेतला. आज्ञा पाळली आणि पुस्तकही वाचवलं. ऑस्बर्न, रोप, मेणाच्या पाट्या, पांढरी पाव, वर मी जे जे सांगितलं त्यातलं बहुतेक त्या दुसऱ्या वह्यांमुळे आपल्यापर्यंत आलंय. ईडमरने शेवटी हे कबूल करून वाचकांना प्रार्थना करायला सांगितलीय.

शुक्रवार, रोचेस्टर

लंडनच्या वाटेवर रोचेस्टरला उतरलो, ते गुंडुल्फसाठी. बेकमध्ये हा अन्सेल्मचा जिवलग. तिथे अन्सेल्म बोलायचा आणि गुंडुल्फ ऐकता ऐकता रडायचा, असं त्याच्या चरित्रात आहे. पुढे १०७७ मध्ये इथला बिशप झाला आणि बांधकामात एवढा तरबेज निघाला की लंडनच्या टॉवरमधल्या व्हाइट टॉवरचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं. कॅथीड्रलच्या बाजूला त्याच्या नावाचा ओबडधोबड बुरूज अजून आहे, आम्ही त्याला फेरी मारली. ११०८ मध्ये तो गेला तेव्हा अन्सेल्म स्वतः इथे आला आणि त्याला मूठमाती दिली. पुढच्या वर्षी अन्सेल्म. ईस्टरच्या आधीच्या पाम संडेला शिष्य म्हणाले, महाराज, तुम्ही चाललात बहुतेक. तो म्हणाला, देवाची इच्छा असेल तर जाईन, पण आत्मा येतो कुठून हा प्रश्न डोक्यात घोळतोय, तेवढा सोडवेपर्यंत राहू दिलं तर बरं, कारण माझ्यानंतर तो कोण सोडवेल मला माहीत नाही. २१ एप्रिल ११०९, बुधवारी पहाटे तो गेला, प्रश्न तसाच राहिला.

दुपारच्या ट्रेनने लंडन. ताईचं रात्रीचं जिनिव्हाचं विमान, माझं उद्याचं मुंबईचं. पुढच्या वेळी लिबेरी, असं ट्रेनमध्येच ठरलंय, भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.